पेपर होईपर्यंत

समीक्षा जर्मनीत कम्युनिकेशन इंजिनिअरिंगचं एमएस करत होती. तिचे वडील मारोतराव दारव्ह्यात टेलिफोनच्या खांबांवर चढायचं काम करून निवृत्त झालेले. पोरीचं शिक्षण ते भेटेल त्याला सांगत. म्हणूनच, अभ्यास झाला नाही म्हणून एका पेपरातून नाव काढून घेतल्याचं तिनं घरी कळवलं नाही. त्या दिवसांत फोनवर बाबा कधीच भेटेनात. आई म्हणायची, "झोपले" किंवा "बाहेर गेले."

पेपरच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"समू, बाबा गेले व. आज पाचवा दिवस."

"मले काहून नाही सांगितलं?"

"चार दिवस दवाखान्यात होते. तुले पाहाचं होतं त्याईले. पण कसम घातली, पोरीचा पेपर होऊ द्या म्हणे."

ते सगळे दिवस समीक्षा खोलीतच बसून होती. तेव्हाच कळलं असतं तर विमान पकडून ती वेळेत पोचली असती.

आईनं रडत विचारलं, "कसा गेला पेपर?"

"चांगला गेला, आई."

"बरं झालं माय. त्याईच्या जिवाले तेवढंच समाधान."

समीक्षानं तोंडावर हात घट्ट दाबून धरला. आईला खरं ती कधीच सांगू शकली नाही.