डाव्या आरशावरचा अँटेना

माझा सहकारी ट्रकचालक जयंत याच्या निधनानंतर त्याचा ट्रक चालविण्याचे दायित्व माझ्याकडे आले. किल्ली देताना त्याची पत्नी आसावरीवहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, त्या दिवशी ह्यांनी रेडिओवर तुम्हाला दोनदा हाक मारली होती. मागच्या एका ड्रायव्हरने ऐकलं."

ते सत्य होते. त्या दिवशी मी माझ्या ट्रकने पुढे चाललो होतो आणि त्याच्या अखंड बडबडीस कंटाळून ट्रकचालकांनी आपसांत बोलण्याच्या त्या रेडिओचा आवाज पूर्ण बंद केला होता. मागे लंडनच्या पश्चिमेस मेडनहेडनजीक त्याने गाडी कडेला घेतली आणि तेथेच त्याचे हृदय थांबले.

पुढे ट्रक ओढून नेताना केबिनच्या टपावरील अँटेना मोडला. मध्यभागी केवळ त्याचे भोक उरले. खडीच्या खाणीत रेडिओवाचून गाडी आत सोडत नाहीत, त्यामुळे नवा अँटेना बसविणे क्रमप्राप्त होते.

लंडनमधील ईलिंगच्या यार्डात भर दुपारी श्रीनिवास नावाचा कारागीर शिडीवर चढला.

"दादा, परफेक्ट स्पॉट आहे. भोक रेडीमेड. चारी बाजूंचं ऐकू येईल."

"मला चारी बाजूंचे नको."

"मग रेडिओ कशाला लावताय, शोभेला?"

मी डाव्या आरशाच्या दांड्याकडे बोट दाखविले. तेथे सिग्नल अर्धवट येतो, हे मी जाणून होतो. त्या अर्धवटपणाचाच मला आधार वाटत होता. मृत माणसाची जागा पुन्हा उघडण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते.

त्याने कुरकुरत तात्पुरता क्लॅम्प लावला, वायर जोडली. मी रेडिओ सुरू केला. प्रथम नुसती खरखर. मग कोणीतरी श्वास घेतला.

"पुढारी, जरा थांब रे."

मी सदैव पुढे असे, म्हणून जयंत मला त्याच नावाने चिडवी. मी आवाज वाढविला.

"मराठी? कोण आहे हा?" श्रीनिवास खिडकीतून डोकावला.

"कुठून येतो आहे हा आवाज?" मी विचारले.

"पुढच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना लावला ना, की उजव्या मागच्या बाजूचं सगळ्यात क्लिअर येतं. गाडीचं लोखंड तिकडे पसरलंय. म्हणून तर रूफ म्हणत होतो." त्याने वळून पाहिले. "पण मागे तर भिंत आहे हो."

मागच्या ज्या दिशेस मी कान बंद केले होते, त्याच दिशेस मी स्वहस्ते अँटेना रोखला होता.

"काढून वर लावू?" त्याने हळूच विचारले.

मी माइक दोन्ही हातांनी धरला. "जयंता, मी थांबलो आहे. बोल."

खरखर तशीच चालू राहिली.

"येथेच पक्का करा," मी म्हणालो.

त्याने नट आवळला. "पाच वाजता यार्ड बंद होतं, दादा."

मी मान डोलविली आणि माइकचे बटण दाबून पुन्हा जयंताचे नाव घेतले.