दहाच्या खाली

सिस्टरने चेतनाच्या उशाजवळच्या कप्प्यातून टीबीच्या गोळ्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या, तेव्हा प्रबुद्धने ट्रेची कड धरली.

“कुठे नेताय?”

“बंद केल्यात. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला ना. डॉक्टरांनाच विचारा.”

डॉक्टर मोहिले शेजारच्या खाटेपाशी होते. मुलुंडच्या त्या खाजगी रुग्णालयात मेंदूच्या आजारांसाठी लोक त्यांचंच नाव घेऊन येत. ते आले आणि हातातल्या टॅबवर बोट फिरवत उभे राहिले.

“टीबी मेंदूपर्यंत गेला असेल तर या पाण्यात एडीए नावाचं एन्झाइम वाढतं. दहाच्या वर गेलं की आपण टीबी धरतो. यांचं सात आलंय. म्हणजे व्हायरसची सूज असणार, हळूहळू उतरेल. चांगली बातमी आहे.”

“सर, काल ती मला दादा म्हणाली. मी नवरा आहे तिचा. सकाळी चमचा कसा धरायचा ते आठवेना. ही बाई मुलुंडभर बायकांना गाडी चालवायला शिकवते.”

“मी समजू शकतो.”

“तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

मोहिलेंनी आता वर पाहिलं, पण प्रबुद्धकडे. “हे बघा, घरच्यांना काय वाटतं त्यावर मी औषधं ठरवू शकत नाही. मला पुरावा लागतो.”

ते पुढच्या खाटेकडे गेले. चेतना भिंतीकडे तोंड करून चादरीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती, पुन्हा मारत होती.

प्रबुद्ध साकीनाक्याच्या एका कंपनीत लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. आकडा तिसरा मजला दाखवतो आणि डबा मात्र मध्येच लटकलेला असतो, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. आत अडकलेल्या माणसांना तुम्ही तिसऱ्यावर पोचलात असं कुणी सांगत नाही. त्याने सासूला चेतनापाशी बसवलं, मोटरसायकल काढली आणि जिथे ते पाणी तपासलं होतं त्या घाटकोपरच्या लॅबमध्ये जाऊन उभा राहिला. काउंटरवरच्या मुलाला म्हणाला, “ज्याने सही केलीय त्याला भेटल्याशिवाय मी हलणार नाही.”

सही डॉक्टर इरावती कामतेकरांची होती. पन्नाशीच्या पुढच्या, डबा अर्धा खाल्लेला. त्यांनी हात धुतले आणि त्याला आत बसवलं.

“सात बरोबर आहे,” संगणकावर पाहून त्या म्हणाल्या. “मशीन चुकलेलं नाही.”

भांडायला म्हणून प्रबुद्ध जे घेऊन आला होता, ते सगळं एका वाक्यात संपलं.

“पण हे सात मी एकटं नव्हतं पाठवलं,” त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. “प्रथिनं वाढलीत. साखर उतरलीय. पेशी टीबीत असतात तशा. आणि खाली लिहिलंय की एडीए कमी असलं तरी टीबी नाही असं धरू नये, रुग्णाची लक्षणं पाहून ठरवावं. हे दाखवलं नाही तुम्हाला?”

त्याने फोनमधला फोटो पुढे केला. रुग्णालयाने छापून दिलेल्या कागदावर नुसते आकडे होते, आणि सातच्या पुढे ‘नॉर्मल’. खालच्या ओळी त्यांच्या सिस्टीमने गाळल्या होत्या.

बाईंनी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला. त्यांचा चेहरा लाल झाला. मग टेबलावरचा फोन ओढला.

“मोहिले, कामतेकर बोलतेय. दहाची रेघ आपण मारलीय. त्याच्या खाली येणारे टीबीचे पेशंट मी दर महिन्याला बघते. टीप दिसली नसेल, तर बाकीचे आकडे तरी दिसले असतील ना? आणि ती बाई समोर होती तुमच्या.”

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. त्या ऐकत राहिल्या. “ते नंतर. आधी गोळ्या सुरू करा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी गोळ्या परत आल्या. मोहिले स्वतः आले, चेतनाची मान हलवून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, तिला तिचं नाव विचारलं. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. पुढे त्याच पाण्यात टीबीचे जंतू वाढल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

चेतना सावकाश परतली. आधी माणसं ओळखू लागली, मग चालू लागली, मग घरी आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला प्रबुद्ध ही हकीकत सांगायचा आणि दर वेळी नव्याने तापायचा. एका रविवारी त्याचा मित्र कुंडलिक आला होता.

“माणूस समोर तडफडतंय आणि हा आकडा वाचतोय. पेशंट काय सांगतोय ते ऐकायचंच नाही म्हणजे काय यार?”

कुंडलिक गेल्यावर चेतनाने रिकामी बशी बाजूला ठेवली.

“महिनाभर डोकं दुखत होतं माझं.”

“तेच तर. आणि तो मोहिले...”

“मोहिले शेवटी आला रे. त्याआधी मी तुला सांगत होते. रोज. तू म्हणालास, दिवसभर उन्हात गाडी चालवतेस, चष्म्याचा नंबर वाढला असेल. एकदा म्हणालास, नाटकं करू नकोस, माझी पण ड्युटी असते.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. प्रबुद्धने तिची बशी उचलली आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई होत्या, गावाहून आजच परतलेल्या. चेतनाच्या तोंडावरून हात फिरवून त्या प्रबुद्धकडे वळल्या.

“काय झालं होतं रे बाळा हिला? सांग तरी सगळं.”

त्याने बोलायला तोंड उघडलं. मग खुर्ची ओढून चेतनासमोर ठेवली.

“बसा मावशी. तीच सांगेल,” म्हणाला, आणि स्वतःही खाली बसला.