लमाश्तूला दिलेलं मूल

सिप्पर नगरीत चाळीस वर्षं मी बाळंतपणं करतेय. लमाश्तूला माझ्याइतकं कोण ओळखणार? आभाळदेव अनूची लेक ती, बापानंच हाकलून दिलेली. स्वतःला मूल नाही, म्हणून दुसऱ्यांची नेते. तिला शिव्या देऊन भागत नाही. तिची मातीची बाहुली करायची, फणी, सूत कातायची चाती, तेल, वहाणा द्यायच्या, मुलाऐवजी छातीशी मातीचं कुत्र्याचं पिल्लू लावायचं आणि तिसऱ्या दिवशी वेशीबाहेर काटेरी झुडपाला बांधून यायचं.

शेजारच्या रिशातुमचा तान्हा अहुनी तापानं फणफणला तेव्हा मी हेच केलं. तिचा थोरला इद्दिन गेल्या साली असाच गेला होता. दोन दिवस ताप हटेना.

"मावशी, पिल्लावर ती कशी भुलेल? तुम्ही तरी भुलला असतात का?" रिशातुम म्हणाली.

"गप बैस. तुझ्यापेक्षा जास्त पोरं पाहिलीत मी," मी खेकसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगं अंगावर प्यायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला. मग बाहुली उचलायला गेले, तर पिल्लू गायब. त्याच्या जागी मातीचं मूल.

"हे काय गं?"

"इद्दिन. नाव घेऊन दिला तिला. नाहीतरी तिनं नेलेलाच होता ना."

"अगं बये, तिनं जीव नेला होता. नाव आपल्याकडं होतं. आता अमावास्येला त्याला पाणी कुठल्या नावानं देशील? तहानेनं वणवण करेल लेकरू."

ती अहुनीकडे बघत राहिली. "परत घेऊ का मग? सांगा ना मावशी."

परत घेतला, तर ती अहुनीला नेणार. बाहुली झुडपाला मीच बांधली, मुलासकट.

अमावास्येला तिनं मेलेल्या सासूसासऱ्यांची नावं घेत घराखालच्या थडग्यात उतरणाऱ्या नळीत पाणी सोडलं. मग "बाळा" म्हणून घडा ओतला. पाणी खाली उतरेना, तोंडाशीच तुंबलं. अहुनी माझ्या मांडीवर झोपला होता आणि जमिनीखालून रडणं येत होतं. रिशातुमनं पदर बाजूला केला, वाकली आणि नळीत दूध पिळलं. दुधाला नाव लागत नाही. रडणं थांबलं.

आता अमावास्येची वाट कोण बघतंय? ती रोज पिळते. अहुनी वाळत चाललाय, आणि तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.