मोकळा पट्टा

भुंग्याच्या नाकावर ओरखडा होता. डाव्या नाकपुडीच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा, कडा स्वच्छ, रक्त सुकून काळं पडलेलं. थोरलीनं कुत्र्याचं तोंड उजेडाकडे वळवून नीट पाहिलं. ओरखडा एकच होता. मांजराचा पंजा बसला की शेजारी शेजारी दोन-तीन रेघा उठतात, हे तिला माहीत होतं. तरी ती म्हणाली, "मांजरानंच ओरबाडलं."

"नक्की?" धाकटी बहीण शिलाई यंत्रावरून मान वर न करता म्हणाली.

"दुसरं कोण ओरबाडणार?"

भुंग्यानं तोंड सोडवून घेतलं आणि तो जाऊन धाकटीच्या पायाशी, यंत्राखाली पसरला.

पूर्वी असं नव्हतं. थोरलीनं त्याला पिल्लू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर आला की तो फाटकावर पुढचे पाय टेकून उभा राहायचा. मग नवऱ्याशी काडीमोड घेऊन धाकटी "थोडे दिवस" म्हणून राहायला आली. ती पडदे शिवायची, त्यामुळे दिवसभर घरात असायची. थोरली बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. आता ती घरी आली की भुंग्या पडल्या पडल्या शेपूट आपटायचा. उठायचा नाही.

धाकटीला आता दुकान मिळालं होतं, मागे राहायला खोली आणि चांगलं ऐसपैस अंगण. किल्ली हातात येऊनही ती हलत नव्हती. "भुंग्याला नेऊ का गं मी?" असं तिनं एकदा जेवताना सहज विचारलं होतं, आणि थोरली "बघू" म्हणाली होती. त्यानंतर दोघींनीही तो विषय काढला नाही. पण रोज जेवायला बसलं की तो मिठाच्या बरणीसारखा मध्ये असायचाच.

धाकटीशी भांडायला कारण नव्हतं. मांजरांशी होतं. ती पलीकडच्या सुताराच्या भुशात व्यायची, कुंपणाच्या फटीतून अंगणात यायची आणि वाफे उकरायची. थोरलीनं त्या फटीत लिंबाच्या काटेरी फांद्या खोचल्या होत्या, त्या रोज बाजूला पडलेल्या सापडत. ती सुताराकडे गेली.

"मांजराला हद्द कळत नाही, बाई," तो रंधा मारता मारता म्हणाला. "पण तुमचा कुत्रा काय पगारी रजेवर आहे?"

हे तिला फार लागलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनं फट पत्र्यानं बुजवली आणि काम पद्धतशीर हातात घेतलं. कुंपणालगतच्या मातीचे सारखे पट्टे पाडले. एकावर संत्र्याची सालं, दुसऱ्यावर कॉफीचा चोथा, तिसऱ्यावर लिंबाचे काटे. शेवटचा, धाकटीच्या खिडकीखालचा, तसाच मोकळा.

"हा का सोडलास?" धाकटी खिडकीतून वाकून म्हणाली.

"तुलनेला. औषध लावलेल्या बियांशेजारी न लावलेलं बी ठेवावंच लागतं. नाहीतर औषधाचा गुण कसा कळणार?"

"ताई, मांजरांना हाकलायचंय की त्यांची परीक्षा घ्यायचीय?"

मांजरं परीक्षेला बसली आणि सगळी मोकळ्या पट्ट्यातून पास झाली. एका संध्याकाळी थोरली लवकर घरी आली. मुद्दाम स्कूटर कोपऱ्यावर बंद करून ढकलत आणली. फाटकातून तिला खिडकी दिसली. खाली एक राखी मांजरी पाय दुमडून बसली होती, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून भुंग्या झोपला होता, आणि खिडकीतून खाली आलेला धाकटीचा हात त्याची मान खाजवत होता. तिघांनाही कुठे जायची घाई नव्हती. थोरलीला वाटलं, आपण चुकीच्या घरात आलो आहोत.

त्या संध्याकाळी तिनं मोकळ्या पट्ट्यावरही काटे पसरले. दाट, दुहेरी.

"प्रयोग संपला?" धाकटीनं विचारलं.

"संपला."

"काय निष्पन्न झालं?"

"मांजरं नकोत, हे निष्पन्न झालं."

सकाळी भुंग्याच्या डोळ्याखाली नवा ओरखडा होता. पुन्हा एकच. "बघ," थोरली जवळजवळ समाधानानं म्हणाली, "बघ तुझ्या लाडकीचे पराक्रम."

धाकटीनं यंत्र थांबवलं. "इकडे ये. खिडकीत उभी राहा, आणि काही बोलू नकोस."

कुंपणापलीकडे राखी मांजरी म्यांव म्हणाली. भुंग्या उठला, पट्ट्यापाशी गेला, आणि त्यानं लिंबाची फांदी दातात धरून ओढली. काटा टोचला तसं त्यानं डोकं झटकलं, नाक चाटलं, आणि पुन्हा फांदी धरली. वाट मोकळी झाल्यावर तो बाजूला सरकला. मांजरी कुंपणावरून उतरली आणि त्याच्या पायांना घासून आत आली.

"आधीपासून हेच करतो," धाकटी म्हणाली. "तू कामावर गेलीस की."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर मीच त्याला शिकवलं म्हणाली असतीस." मग ती हळूच हसली. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला. राग माझ्यावर होता ना, ताई?"

 थोरलीनं औषधांच्या पेटीतून चिमटा आणला, भुंग्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि कातडीत मोडलेलं काट्याचं टोक शोधलं. एकच रेघ तिनं पहिल्याच दिवशी पाहिली होती. प्रयोगशाळेत कुणी डोळ्यांना दिसलेलं असं झाकलं असतं, तर तिनं त्याला दिवसभर ऐकवलं असतं. टोक निघालं. भुंग्या हललाही नाही. पण सगळा वेळ तो मान तिरपी करून धाकटीकडे बघत होता, काटा निघाला त्या क्षणीसुद्धा.

"किल्ली आहे ना तुझ्याकडे, खोलीची?"

"कधीचीच."

"तिथलं कुंपण कसंय?"

"धड आहे. का?"

थोरलीनं चिमटा पुसून पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं. मांजरी एव्हाना वाफ्यात शिरली होती आणि निवांत माती उकरत होती.

"मांजरं राहू देत इथे," ती म्हणाली. "भुंग्याला तू घेऊन जा."