धरायला माणूस लागणारी शिडी

मी शिडी बोलतेय. उभी राहून नव्हे, आडवी पडून. बोळकांडीत पडलेल्या लाकडी शिडीला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या घरातले मोजे माझ्यावर वाळतात, त्या घरातलं मला पुष्कळ ठाऊक आहे.

माझा जन्म मागच्या अंगणातला. या घरातले बाबा तेव्हा हयात होते. घर नुकतंच बांधलेलं, वर पत्र्याचं छप्पर. छपरावर चढायला शिडी हवी म्हणून त्यांनी सुताराला बोलावलं. बाबा मोठे श्रद्धाळू होते, आणि श्रद्धाळू माणसाला समोर कुणी एका जागी बसलेला सापडला की राहवत नाही. सुतार करवत चालवत होता तेवढ्या वेळात बाबांनी त्याला पाप, पश्चात्ताप आणि तारण हे तिन्ही विषय समजावून दिले. सुतार मान डोलवत राहिला आणि कापत राहिला. त्याच्या आत्म्याचं पुढे काय झालं ते देव जाणे, माझा एक पाय मात्र आखूड झाला.

"दुसरी करून देतो," सुतार ओशाळून म्हणाला.

"राहू दे. खाली धरायला माणूस असला म्हणजे झालं," बाबा म्हणाले.

तो माणूस म्हणजे आई. दरवर्षी वादळाचे दिवस जवळ आले की बाबा मला भिंतीला लावून वर चढायचे आणि आई मला दोन्ही हातांनी गच्च धरायची. बाबांच्या तोंडात स्क्रू असायचे, तरी त्यातूनच प्रार्थना चालू. "प्रभू, हे घर तुझ्या हाती," असं म्हणत ते एकेक स्क्रू आवळायचे. घर देवाच्या हाती द्यायचं आणि पाना आपल्या हाती ठेवायचा, अशी त्यांची साधी वाटणी होती. आई खालून म्हणायची, "प्रभू बघून घेईल, तुम्ही पाय बघून ठेवा." ते दिवस मला फार आवडायचे. घरात भांडणं तेव्हाही होत, पण माझ्यापाशी आल्यावर दोघांनाही भांडण बाजूला ठेवावं लागे. धरणाऱ्याशी भांडून वर कोण चढणार?

बाबा गेले, आणि मी बोळकांडीत आले.

मागे आई राहिली आणि दोन मुलगे. थोरला शिंपी. त्याचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. शिवाय चर्चमध्ये पेटी वाजवायचा. धाकटा शाळेत गणित शिकवतो आणि चर्चचं गायनमंडळ बसवतो. एका रविवारी भर उपासनेत धाकट्यानं हात वर करून गाणं थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पेटी मागे पडतेय." थोरल्यानं पेटीचं झाकण लावलं. त्या दिवसापासून तो पेटीला शिवला नाही आणि धाकट्याशी बोलला नाही. धाकट्यालाही माफी मागायची सवय नव्हती. गणिताच्या मास्तरांना ती कमीच असते.

पण एका छपराखाली, एका मोरीत आंघोळ करून अबोला धरणं सोपं नाही. निरोप तर पोचवावे लागतात. त्यावर दोघांनी एक तोड काढली. घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी कुटुंबाची प्रार्थना होते. दोघं जे काही बोलायचं ते तिथे, देवाच्या मार्फत बोलू लागले.

"प्रभू," थोरला डोळे मिटून म्हणायचा, "आज ज्यानं मोरीतला नळ नीट बंद केला नाही, त्याला तू क्षमा कर. मी केली आहे."

"हे स्वर्गीय पित्या," धाकटा लागलीच सुरू करायचा, "ज्यांच्या शिलाई यंत्राच्या खडखडाटात मला पोरांच्या वह्या तपासता येत नाहीत, त्यांच्या मनात शेजाऱ्यावर प्रीती करण्याची इच्छा घाल. शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचासुद्धा."

दोघी जावांचं आपसात उत्तम जमायचं. त्या पदराआड हसू दाबायच्या. आईची पाळी सर्वांत शेवटी. तोवर जेवण गार झालेलं असे, म्हणून ती नुसतं आमेन म्हणून ताटं वाढायला उठे. मला देवाची कीव येई. सृष्टीचा पसारा सांभाळून बिचाऱ्याला रोज संध्याकाळी या घरची मोरी बघावी लागायची.

आईची खरी प्रार्थना फक्त मला ठाऊक होती. दुपारी माझ्यावर मोजे वाळत घालताना ती पुटपुटायची, "प्रभू, बाकी काही नको. माझ्या डोळ्यांदेखत माझी दोन पोरं एकमेकांशी बोलू देत." तिचं वय झालं होतं. या मागणीला फार मुदत उरली नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

त्यातच आईच्या खोलीवरचा पत्रा सुटला. वारा आला की तो दाणदाण आपटायचा. दुरुस्ती अगदी किरकोळ होती, पण आखूड पायाच्या शिडीवर एकट्यानं चढायची सोय नव्हती. सुनांनी "आम्ही धरतो" म्हटलं, तर दोघा नवऱ्यांनी आपापल्या बायकोला डोळ्यांनीच गप्प केलं. धरायला दुसऱ्या भावानंच यायला हवं, हा तत्त्वाचा प्रश्न झाला होता. शेवटी आई म्हणाली, "मग बाहेरचा माणूस बोलवा." तो कुणी बोलवायचा यावर आठवडाभर प्रार्थना झाली.

इतक्यात रेडिओवर बातमी आली की मोठं वादळ येतंय. ते ऐकून चर्चच्या पाळकसाहेबांनी या घरी प्रार्थनासभा ठेवली. शेजारपाजारची मंडळी पावसातून आली. ओल्या छत्र्या ठेवायच्या कुठे? सगळ्यांनी त्या माझ्या पायऱ्यांना अडकवल्या, आत जाऊन बसले आणि छप्पर टिकावं म्हणून प्रार्थना करू लागले. तासभर डोळे मिटलेले होते, त्यामुळे वर कुणाला बघता आलं नाही. पाळकसाहेबांनी प्रवचनही शिडीवरच केलं. कुणाला तरी स्वप्नात दिसलेल्या, स्वर्गापर्यंत पोचलेल्या शिडीवर, जिच्यावरून देवदूत चढतात आणि उतरतात. मी अंगभर मोहरले. मला वाटलं, आता तरी कुणाला आठवेल. सभा संपली. सगळ्यांनी येऊन आपापली छत्री काढून घेतली.

"पत्रा फार वाजतोय हो," जाता जाता पाळकसाहेब म्हणाले.

"प्रभूवर सोपवलंय," दोघे भाऊ एकदमच म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं. दिवे गेले. आईच्या खोलीत पाणी गळू लागलं, तिचा पलंग सरकवायला जागा उरली नाही. ऐन प्रार्थनेची वेळ. सगळे मेणबत्तीभोवती बसले.

"प्रभू," थोरला म्हणाला, "मी वर चढायला तयार आहे. शिडी धरायची बुद्धी तू योग्य माणसाला दे."

"पित्या," धाकटा म्हणाला, "त्यांचं वजन शिडीला पेलवणार नाही, हे तू जाणतोस. मी चढतो. धरायची नम्रता तू त्यांना दे."

"प्रभू, माझ्या वजनाचा विषय कुणी काढला?"

"आमेन," आई मध्येच म्हणाली.

दोघांनी डोळे उघडले. आजवर तिनं प्रार्थना अशी अर्ध्यावर तोडली नव्हती. ती उठली, बोळकांडीत आली आणि माझ्यावरचे मोजे खाली टाकून मला ओढू लागली. तिनं मला तशा पावसात अंगणात नेलं, भिंतीला लावलं, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"तुम्ही बसा प्रार्थनेला," ती म्हणाली. "मी आलेच वर जाऊन."

मी खूप माणसं अंगावर घेतली आहेत, पण त्या म्हातारीच्या पावलाइतकं जड मला काही लागलं नाही. दोघे मुलगे धावत आले. थोरल्यानं तिला उचलून खाली ठेवलं. धाकटा पाना घेऊन चढू लागला. थोरल्यानं मला धरलं.

तरीही खोड जाईना. "प्रभू, डावीकडे जोर लाव म्हणावं," धाकटा वरून ओरडला. "प्रभू, लावलाय म्हणावं," थोरला खालून.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, पत्र्याची कड वर उचलली गेली आणि धाकट्याच्या मानेच्या रोखानं फिरली. मधे देवाला घालायला वेळच नव्हता.

"गोट्या, खाली वाक," थोरला ओरडला.

धाकटा वाकला. पत्रा त्याच्या डोक्यावरून गेला आणि परत जागेवर आपटला. मी एका बाजूला घसरले, माझी एक पायरी मोडली, पण थोरल्यानं मला खांदा लावून धरलं होतं.

"दादा, धरलंयस ना?" धाकट्यानं वरून विचारलं.

"धरलंय रे. तू कर तुझं काम."

आई पावसात उभी राहून रडत होती. तिला घरात चला म्हणायचं धाडस सुनांना झालं नाही.

रविवारी थोरल्यानं चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की प्रभूनं वादळात आमचं छप्पर राखलं. सगळे आमेन म्हणाले. माझं नाव कुणी काढलं नाही. देवाची कामं करणाऱ्यांना याची सवय ठेवावी लागते. पेटी मात्र त्या दिवशी थोरल्यानंच वाजवली, आणि खरं सांगायचं तर ती अजूनही मागेच पडते.

आता दोघे भाऊ नळावरून, खडखडाटावरून समोरासमोर भांडतात. प्रार्थना आटोपशीर झाली आहे आणि जेवण गरम मिळतं.

माझ्यात मात्र आता काही राम राहिला नाही. पायरी मोडली, एक दांडा तडकला. परवा दोघांनी मिळून नवी अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणली. चकचकीत, घडीची, चार पायांवर स्वतःच उभी राहणारी. धाकट्यानं ती उघडून दाखवली आणि कौतुकानं म्हणाला, "आई, आता कुणाचीच गरज नाही. एकट्याला चढता येतं."

आईनं ती शिडी नीट बघितली.

"परत करून या," ती म्हणाली.

"अगं, का?"

"मी काय जन्माला पुरणार आहे? मी गेल्यावर एकमेकांना हाक मारायला तुम्हाला काहीतरी कारण नको?"

थोरल्यानं शिडीची घडी घातली, धाकट्यानं दुसरं टोक उचललं, आणि दोघं ती परत करायला गेले.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. मला खुशाल चुलीत घाला, माझं लाकूड चांगलं वाळलेलं आहे. फक्त माझ्या जागी जी आणाल, ती धरावी लागेल अशीच आणा.