साठ गाणी आणि एक फोटो

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. काळी, चौकोनी, तळहातावर मावेल एवढी. आज तुम्ही मला ओळखणारही नाही, फार तर चहाच्या कपाखाली ठेवाल. पण एके काळी पेडण्याच्या कॉम्प्युटर क्लासात माझा काय रुबाब होता! माझ्या अंगावर '१.४४ एमबी' असं छापलं होतं आणि ते वाचून मी स्वतःच फुगत असे.

त्या क्लासात शिकवणारी सुविधा कोरगावची. तिच्या शेजारच्या शेवंतीमावशी म्हणजे धालोच्या, पौषातल्या रात्री बायका फेर धरून नाचतात त्या खेळाच्या, गाण्यांचं कोठार. त्यांच्या बरोबरीच्या गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या आणि साठ गाणी एकट्या मावशींच्या तोंडी उरली. पौषात धालो सुरू होण्याआधी त्यांचं पुस्तक काढायचंच, असं सुविधाने ठरवलं. म्हापशाच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर तिचा मराठी फाँट चालेना, म्हणून तिने प्रत्येक गाण्याचं पान चित्र करून साठवलं. एकेक पान तेवीस केबीचं. पहिल्या पानासाठी मावशींचा फोटो, तो सत्तर केबीचा. सगळे मिळून चौदाशे पन्नास झाले.

छापखान्यात द्यायच्या दिवशी मावशीही क्लासात येऊन बसल्या. एका एमबीत हजार नव्हे, एक हजार चोवीस केबी असतात, हे ऐकून त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांच्या घरी नारळ विकताना हजारावर दोन डझन वर घालायची रीतच होती. सुविधाने गुणाकार केला, चौदाशे चौऱ्याहत्तर आले. वर जागा उरतेय म्हणून दोघी खूश झाल्या.

आधी फोटो माझ्यात आला, मागोमाग गाणी. अठ्ठावन्न गाणी बसली आणि माझं पोट भरलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मला फार लाज वाटली. पण चूक माझी नव्हती. मला घडवणाऱ्यांनी माझ्या एमबीचे केबी करताना साधा हजारच धरला होता. म्हणजे झाले चौदाशे चाळीस, आणि त्यातलेही सतरा माझ्या स्वतःच्या नोंदींना लागतात.

क्लासातल्या बाकीच्या फ्लॉपींना दमट हवेने बुरशी आलेली. छापखान्याची मुदत त्याच दिवशी संपणार आणि म्हापशाची बस वीस मिनिटांत सुटणार. सुविधा दोन गाणी वगळायला निघाली, कारण तो मावशींचा आयुष्यातला पहिला फोटो होता. काय झालं म्हणून मावशींनी विचारलं. व्यापाऱ्याने वरचे दोन डझन दिलेच नाहीत, असं तिने सांगितलं. मावशी थोडा वेळ पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिल्या.

"माझो फोटो काढ गो," त्या म्हणाल्या. "माका लोक रोज बघतत. गाणी खंय बघतले?"

पुस्तक वेळेवर निघालं. त्या पौषात मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, पोरीबाळींनी साठही गाणी म्हटली, आणि माझं खूप कौतुक झालं.

मग मी खणात गेले ती वीसेक वर्षं तिथेच. मध्ये एक पेन ड्राइव्ह माझ्या शेजारी आला. तो बत्तीस जीबीचा, म्हणजे माझ्यासारख्या बावीस हजार फ्लॉपी एकट्याने गिळणारा. त्याने मला फार चिडवलं. पण कॉम्प्युटरने त्याची जागा २९.८ जीबीच दाखवली तेव्हा मी पोटभर हसले. त्यालाही वरचे नग मिळाले नव्हते!

गेल्या वर्षी पुस्तकाच्या प्रती संपल्या. सुविधाने फ्लॉपी वाचायची डबी कुठून तरी पैदा केली आणि मला बाहेर काढलं. बुरशीच्या धास्तीने माझा जीव मुठीत होता, पण साठही गाणी सुखरूप पेन ड्राइव्हमध्ये उतरली. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल. बुरशी चढण्याआधी त्याच्या पोटातलं काढून घ्या, आम्ही फार दिवस धीर धरू शकत नाही.

ऐंशी ओलांडलेल्या शेवंतीमावशी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी बटव्यातून कागदात गुंडाळलेला तोच फोटो काढला आणि हळूच विचारलं, "आता माका जागो आसा गो?"

या वेळी सुविधाने मोजलंसुद्धा नाही.