झोपलेल्या माणसाची सही

द्वारकाबाई तीस वर्षं भवानीनगरच्या बाजारात सुके बोंबील विकत आली होती, त्यामुळे उलट बोलायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. चर्चमध्ये मात्र ती आजवर गप्प बसली होती. त्या रविवारी उपासना संपली, लोक चपला शोधायला उठले आणि बाई सात महिन्यांची नात कडेवर घेऊन थेट पुढे जाऊन उभी राहिली.

नातीच्या बाप्तिस्म्याला मंडळीच्या कमिटीने नकार कळवला होता. कारण एकच: बाईच्या लेकीने, सुप्रियाने, हिंदू घरातल्या गोकुळशी लग्न केलं आणि तेही देवळात. नकाराचा कागद लिहिला होता अध्यक्ष हिंदुरावांनी. हे गृहस्थ कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्मभर उसाचे करार भरून घेत आले. निवृत्त झाले तरी अंगातला कारकून काही निवृत्त झाला नव्हता.

"बाई, कागद मिळाला न्हाय का?" त्यांनी विचारलं.

"मिळाला. वाचला बी."

"मग? करार म्हंजी करार. नोंदलेला ऊस दुसरीकडं घातला की करार मोडला. तुमच्या पोरीनं तेच केलं. आता देवाकडं कुठल्या तोंडानं मागताय?"

मागच्या सतरंजीवर कुणीतरी हसलं. दारापाशी नवऱ्याशेजारी उभ्या असलेल्या सुप्रियाने मान खाली घातली. बाईने ती खाली गेलेली मान पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी पोरगी ऊस न्हाय, तात्या. आन् शास्त्रातला करार तुमच्या हापिसातला न्हाय. अब्रामाचं आठवतंय का? देवानं त्याच्याशी करार करताना त्याला कालवड, शेळी, मेंढा कापून समोरासमोर मांडायला लावलं. त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधनं चालायचे. मोडला तर माझे असेच तुकडे होऊ देत, असं कबूल करायचे. मग अब्राम चालला का?"

हिंदुराव चष्मा पुसू लागले.

"सांगा की. अध्यक्ष हाय तुमी."

"चालला असंल."

"न्हाय चालला. झोपला व्हता. आग तेवढी तुकड्यांमधनं गेली, म्हंजी देव एकटाच गेला. झोपलेल्या माणसाची सही तुमच्या हापिसात तरी कधी चालली का? देवानं ती मागितलीच न्हाय. मोडला तर आपुनच सोसायचं, असं ठरवून बसला व्हता तो. म्हणून तर क्रूस त्याच्या वाट्याला आला."

आता कुणी हसत नव्हतं. पण हिंदुरावही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"मग आज्ञा कशाला दिल्या? सीनाय डोंगरापाशी लोक 'व्हय, पाळू' म्हणाले व्हते का न्हाय?"

"म्हणाले व्हते. आन् म्हैनाभरात सोन्याचं वासरू करून बसले. देव रागावला, पण त्यानं सोडलं का त्यांना? आज्ञा पाळायच्याच, तात्या. पोरगी चुकली असं तुमाला वाटत असंल तर पोरीला बोला. मला तसं वाटत न्हाय, ते सोडा. पण या लेकराला दाराभाईर ठेवायचा हक तुमाला कुणी दिला?"

"नोंदवहीत नाव चढणार न्हाय. मी सही करणार न्हाय."

"नका करू."

ती उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे वळली. साहेब वयाने लहान, गेल्या वर्षीच बारामतीहून आलेले, आणि राहायची खोली कमिटीचीच.

"साहेब, पाणी हाय, लेकरू हाय. मी हितनं हलत न्हाय."

साहेबांनी हिंदुरावांकडे पाहिलं. भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी बाह्या सावरल्या आणि पाण्याचं भांडं पुढे ओढलं.

"नाव काय ठेवायचं?"

बाईने तोंड उघडलं, पण नाव घेतलं नाही. दाराकडे वळून म्हणाली, "सुप्रिया, ये. तुझ्या लेकीचं नाव तू सांग."

सुप्रिया सतरंज्यांमधून चालत पुढे आली. मागोमाग गोकुळ. तिने लेक कडेवर घेतली.

"स्वराली," ती म्हणाली. आणि मग हिंदुरावांच्या डोळ्यांत बघून पुन्हा एकदा, सावकाश, म्हणाली.